एकपाठी अण्णांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. माझ्या चार पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, पाठीमागे सागवानाला एक चीर गेली आहे आणि भाता ओढला की पहिल्यांदा धाप लागल्यासारखा आवाज येतो. तरी मला कमी समजू नका. मी सिनेमात काम केलेलं आहे, तेही चांगली साडेतीन मिनिटं! मात्र त्या सिनेमात माझ्या नावावर जे गाणं आहे, त्यातला एकही सूर माझा नाही. असं का झालं आणि त्यापायी आमच्या घरात काय काय घडलं, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म सोलापुरातलाच. बंदेनवाज नावाच्या कारागिराने मला घडवलं. लाकूडकाम त्याने चार दिवसांत उरकलं, पण सूर जुळवायला पंधरा दिवस घेतले. पितळेचा एकेक सूर, म्हणजे आवाज काढणारी चिमुकली पात, तो बाहेर काढायचा, कानशीने जरासा घासायचा, परत बसवायचा, ऐकायचा, मान हलवायचा आणि पुन्हा काढायचा. मी कोरी करकरीत होते, मला वाटायचं, ह्याला काही येतंय की नाही? पंधराव्या दिवशी त्याने भाता ओढला आणि माझाच आवाज ऐकून मी हरखून गेले.

मला घरी नेलं ते चनबसप्पांनी. ते मूळचे दुधनीचे, इथे गिरणीत कामाला होते. तेव्हा जेमतेम बाविशीतले, पण सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांना ना कोणी गुरू होता, ना त्यांना स्वरलिपी वाचता येत होती. कानाने ऐकायचं आणि बोटांनी वाजवायचं, एवढंच त्यांचं शिक्षण. त्यांचं एक भजनी मंडळ होतं. भजनं जुनीच, पण चाली नव्या सिनेमांतल्या लागायच्या, नाहीतर ऐकणारे लोक जांभया द्यायचे. तेव्हा दर थोड्या दिवसांनी अण्णांना एखादं नवं गाणं घरी आणावं लागे.

आणावं लागे म्हणजे खरोखरच आणावं लागे. आतासारखा मोबाइल नव्हता आणि रेडिओवर गाणं कधी लागेल त्याचा भरवसा नव्हता. मग अण्णा एकाच सिनेमाला तीनदा जात. पहिल्या खेपेला मुखडा पाठ करायचा, दुसऱ्या खेपेला अंतरा आणि तिसऱ्या खेपेला मधल्या जागा. थिएटरातून ते जे निघत ते तोंडाला कुलूप लावून. वाटेत कोणी "काय अण्णा, जेवलासा का?" म्हणून विचारलं तर नुसता हात वर करत. बोललं की चाल सांडते, असं त्यांचं म्हणणं. घरी त्यांच्या पत्नी, वच्छलाबाई, दार उघडं ठेवून आणि मला चटईवर काढून तयार असत. अण्णा चप्पल सोडायचे आणि थेट माझ्यावर हात टाकायचे.

एकदा मात्र फजिती झाली. परत येताना चौकात लग्नाची वरात आडवी आली. बँडवाले भलतंच गाणं वाजवत होते आणि वरात काही पुढे सरकेना. अण्णांनी कानात बोटं घातली, पण व्हायचं ते झालंच. मुखडा सिनेमाचा आणि अंतरा वरातीचा, अशी चाल घेऊन ते घरी आले. मंडळातल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. त्या चालीवर ते एक भजन आजही म्हणतात आणि टाळ कुटून कुटून दमतात.

आता मी तुम्हाला आमच्या घरातलं गुपित सांगते. गाणं घरी आणलं म्हणजे लगेच वाजवता येत नसे. आधी त्याचा 'सा' शोधावा लागे. अण्णा चाल गुणगुणत आणि एकेक पट्टी दाबून बघत. ही नव्हे, ही पण नव्हे. सा सापडला की मुखड्याची पहिली ओळ बसायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच निसटून जायची. अंतरा तर फारच छळायचा. चुकायचं, थांबायचं, परत पहिल्यापासून. सोप्या गाण्याला दोन दिवस, अवघडाला आठ-नऊ. आणि हे सगळं अण्णा चोरून करत. आमच्या पेटीवाल्यांत तशी पद्धतच होती, गाणं पुरतं बसल्याशिवाय बाहेरच्या कानावर पडू द्यायचं नाही. अण्णा दार लावून घेत आणि माझ्यावर जाडजूड चादर दुहेरी करून टाकत. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या सोलापूरची चादर कशी असते ती. माझा जीव गुदमरायचा. पण अण्णांच्या बोटांवर माझी माया होती, म्हणून मी सोसत असे.

एका गणेशोत्सवात मंडळातल्या एकाने नव्या सिनेमातलं गाणं माईकवर म्हटलं आणि विचारलं, "अण्णा, हे ऐकलंय का कधी?"

अण्णा त्या गाण्याच्या मागे नऊ दिवस होते. आदल्याच दिवशी ते पुरतं बसलं होतं.

"न्हाय," अण्णा म्हणाले.

आणि त्यांनी ते गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. लोकांनी अण्णांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. एकदा ऐकलं की वाजवतो म्हणून 'एकपाठी अण्णा' हे नाव पडलं ते तिथेच. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा अभिमानच वाटला.

वर्षं गेली. गिरणी बंद पडली. मंडळात कीबोर्ड आला आणि मी फळीवर जाऊन बसले. जी चादर पूर्वी गाणं लपवायला होती ती आता धूळ लागू नये म्हणून माझ्यावर पडून राहिली. अण्णांचा मुलगा रुद्रप्पा चिंचोळीच्या एमआयडीसीत नोकरीला लागला. त्याला गाण्यात रस नव्हता आणि मी त्याला दोष देत नाही. पण त्याची मुलगी संस्कृती आठ वर्षांची झाली, तेव्हा एका दुपारी तिने स्टुलावर चढून मला खाली ओढलं. तिचा हात भात्यापर्यंत नीट पोचतही नव्हता. एका बोटाने, जीभ बाहेर काढून, ती माझ्यावर शाळेची प्रार्थना शोधत बसली. कितीतरी वर्षांनी माझ्या पोटात वारा गेला! मला रडू येत असतं तर मी त्या दिवशी रडले असते. पुढे तीन वर्षं ती रोज माझ्यापाशी बसायची. अण्णा खुर्चीत बसून ऐकायचे आणि मग हळूच येऊन एखादं जुनं, घोटून घोटून गुळगुळीत झालेलं गाणं वाजवून दाखवायचे. संस्कृतीने त्यांना चुकताना कधी पाहिलंच नाही.

मग ते सिनेमावाले आले. त्यांना पिवळ्या पट्ट्यांची जुनी पेटी हवी होती. मला गाडीत बसवून नेलं तेव्हा मी काय ऐटीत होते म्हणून सांगू! पण तिथे गेल्यावर एका माणसाने माझं झाकण उघडलं आणि सगळ्या सुरांवर कापूस ठासून भरला. गाणं आधीच दुसरीकडे रेकॉर्ड झालं होतं, हिरोने पट्टी दाबली तर मधेच माझा आवाज निघायला नको म्हणे. हिरो मुलगा भला होता, हात धुऊन बसला माझ्यापुढे. पण त्याने भात्याची कडीसुद्धा उघडली नाही. तो डोळे मिटून मान डोलवत होता, बोटं पट्ट्यांवर पळवत होता आणि मी मुकी बसले होते. मित्रांनो, भाता मिटलेला आणि पेटी गातेय, असं कधी झालंय का? श्वास न घेता तुम्ही तरी बोलाल का?

परत आल्यावर बंदेनवाजच्या मुलाने, नईमने, माझं पोट साफ केलं. आता तोच पेट्यांची दुरुस्ती करतो. चिमट्याने एकेक बोळा काढत तो म्हणाला, "अण्णा, गाणाऱ्याच्या तोंडात कापूस कोंबतंय का कुणी? या अल्ला, केवढा हा!" अण्णा इतके चिडले की त्यांनी त्या सिनेमाचं गाणं कधीच ऐकायचं नाही असं ठरवून टाकलं.

वर्षभराने सिनेमा टीव्हीवर लागला. शेजारपाजारची माणसं आमच्याकडे जमली. मी कोपऱ्यात होते, मला सगळं दिसत होतं. माझा प्रसंग यायच्या आधी अण्णा उठून पाणी प्यायला गेले आणि गाणं संपेपर्यंत आलेच नाहीत. पडद्यावर एक फकीर रस्त्याने गात जातो, हिरो ते गाणं एकदाच ऐकतो, माझ्यापुढे बसतो आणि पहिल्याच फटक्यात सगळं वाजवून टाकतो. ना सा शोधणं, ना अडखळणं. शिवाय कुठूनसे चाळीस व्हायोलिनवालेही सुरू होतात. आमच्याकडे एक तबलजी मिळवायचा तर चार फोन करावे लागतात! घरातले सगळे "वा वा" करत होते आणि मला शरमेने मेल्यासारखं झालं होतं.

अण्णा बाहेर आले तशी संस्कृतीने विचारलं, "अज्जा, तुमीबी असंच करायचासा ना? एकदाच ऐकून?"

खोली माणसांनी भरलेली होती. सगळे अण्णांकडे बघत होते.

"व्हय," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्कृतीने आईच्या मोबाइलवर ते गाणं एकदा लावलं, डोळे मिटले आणि त्या हिरोसारखी मान डोलवून माझ्यावर बोटं ठेवली. पहिला सूर चुकला. दुसराही चुकला. तिने परत गाणं ऐकलं नाही की परत प्रयत्न केला नाही. शाळेत मुलींनी हट्ट धरला, "सिनेमातली पेटी तुझ्याच घरची ना? मग वाजव की." शाळेच्या पेटीवरही तेच झालं आणि मुली हसल्या. घरी येऊन तिने माझी कडी लावली, माझ्यावर चादर टाकली आणि बापाला सांगितलं, "बाईंना सांगा, गॅदरिंगला मी पेटी वाजवणार न्हाय. माझ्यात ते न्हायच. अज्जाकडं हाय, माझ्याकडं आलंच न्हाय."

एक महिना मी चादरीखाली होते. पूर्वी फळीवर वर्षानुवर्षं पडून राहिले होते, पण हा महिना त्याहून जड गेला. तेव्हा मी विसरली गेले होते. आता एक मूल माझ्याकडे बघून मान फिरवत होतं.

वच्छलाबाईंना सगळं कळत होतं. एकदा दोघंच घरात असताना त्या अण्णांना म्हणाल्या, "सांगा की तिला खरं काय ते."

"पन्नास वर्षांचं नाव हाय माझं," अण्णा म्हणाले.

"नाव ऱ्हाईल हो तुमचं. पोरगी सुटंल हातातनं."

अण्णांनी दोन दिवस विचार केला. मग संस्कृतीला बोलावून तिच्यासमोर एक नवं गाणं वाजवायला घेतलं आणि अडखळले. संस्कृती उभ्यानेच ऐकत होती. "मुद्दाम चुकतायसा तुमी," ती म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून." आणि बाहेर निघून गेली. खोटं सांगितलेलं तिने झटकन मानलं होतं, खरं मानायला ती तयार नव्हती. अण्णांनी माझी कडी लावली आणि चादर परत टाकली.

त्यातून वाट काढली ती वच्छलाबाईंनी. त्या भाकरी थापताना गुणगुणतात आणि घरात सगळे त्यांना हसतात, कारण त्यांचं एकही गाणं जागेवर नसतं. एका रविवारी सकाळी त्या अशाच गुणगुणत होत्या. संस्कृती बाजूला शेंगा फोडत बसली होती. ती वैतागून म्हणाली, "अज्जी, किती चुकीचं म्हणतायसा!"

"चुकीचं न्हाय गं. तुझ्या अज्जानं तिसऱ्या दिवशी असंच वाजिवलं होतं."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? गणपतीत वाजिवलं ते गाणं. चौथ्या दिवशी असं झालं," आणि त्यांनी तीच ओळ जरा वेगळी म्हटली. "सातव्या दिवशी हितवर नीट आलं, आन् मग परत बिघडलं. नवव्या दिवशी बसलं. बसलेलं गाणं काय, गावाला येतंय. मी चुकलेलंच जास्त येळा ऐकलंय, मला तेच पाठ."

मित्रांनो, मी ते सूर ओळखले. कारण त्या बाई म्हणत होत्या तो एकेक चुकलेला सूर माझा होता. पन्नास वर्षांपूर्वी चादरीखाली वाजलेला, जसाच्या तसा. ज्यांना सगळं घर बेसूर म्हणून हसत होतं, त्यांच्याइतका पक्का कान मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

संस्कृती शेंगा टाकून उठली. तिने मला ओढलं, चादर फेकली आणि अज्जीने म्हटलेल्या ओळी एकेक करून वाजवून पाहिल्या. दारात अण्णा उभे होते.

"खरं हाय का, अज्जा? नऊ दिवस?"

"व्हय," अण्णा म्हणाले. ह्या वेळी आवाज खाली होता. मग ते बायकोला म्हणाले, "मला वाटायचं, चादरीतनं ऐकू येत न्हाय."

"एक खोली होती आपली," वच्छलाबाई म्हणाल्या. "आवाज जाणार कुटं?"

संस्कृती गॅदरिंगला वाजवायला कबूल झाली आणि त्या दिवसापासून सिनेमातल्या त्याच गाण्याच्या मागे लागली. गाणं फसवं होतं. अंतऱ्यात त्याचा सा जागा बदलतो, त्यामुळे हाताशी आलेलं सगळं एकदम भलतीकडे जातं. ती रोज तिथेच आपटायची. कधी चिडून माझ्या पट्ट्यांवर मूठ मारायची.

गॅदरिंगचा दिवस आला. रुद्रप्पाने मला स्कूटरवर पुढे ठेवून शाळेत नेलं. समूहगीताला संस्कृतीने साथ केली आणि ती चांगली केली. मी उतरायच्या तयारीत होते, तोच मुख्याध्यापकांनी पाहुण्यांत बसलेल्या अण्णांना स्टेजवर बोलावलं. "एकपाठी अण्णा आज आपल्यात आहेत! अण्णा, आपल्या सिनेमातलं गाणं होऊन जाऊ द्या!"

अण्णा माझ्यापुढे बसले. ते गाणं त्यांनी हट्टाने कधी वाजवलं नव्हतं, संस्कृतीच्या सरावामुळे कानावर पडलं होतं तेवढंच. एखादं बसलेलं गाणं वाजवून वेळ मारून नेता आली असती. पण त्यांनी माईक जवळ ओढला. "मी एकपाठी न्हाय," ते म्हणाले. "कधीच नव्हतो. मला लई दिवस लागतात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! केवढा विनय म्हणून. पुढच्या रांगेतला एकजण तर उभा राहिला.

अण्णांनी भाता ओढला. मुखडा त्यांनी काढला, शेवटी तीस-पस्तीस वर्षं गाण्यांच्या मागे धावलेला कान तो. पण अंतऱ्याला ते घसरले. माईकवरून चुकलेला सूर साऱ्या मैदानभर गेला. त्यांनी परत प्रयत्न केला, परत तसंच. टाळ्या कधीच थांबल्या होत्या. मागे मुलं हसायला लागली. अण्णांनी तिसऱ्यांदा तीच पट्टी दाबली आणि मला काहीही करता येत नव्हतं. मी पेटी. दाबाल तोच सूर देणार.

तेवढ्यात एक छोटं बोट आलं आणि त्यांच्या बोटाशेजारी टेकलं. "तितं न्हाय, अज्जा," संस्कृती म्हणाली. "सा हितं आलाय आता."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग माईकमध्येच विचारलं, "किती दिवस लागले गं तुला, हे शोधायला?"

"बारा."

"ऐकलासा का?" अण्णा सगळ्यांना म्हणाले. "बारा दिवस. मला एका गाण्याला नऊ लागले होते, आन् मी ते कुणाला सांगितलं न्हाय. हिनं सांगितलं."

मग दोघांनी मिळून ते गाणं पुरं केलं. भाता अण्णांनी ओढला, बोटं संस्कृतीची. शेवटच्या ओळीत ती एकदा चुकलीच. अण्णा खदखदून हसले आणि भाता ओढतच राहिले.

मित्रांनो, सिनेमा बघू नका असं मी म्हणत नाही. मी स्वतःच सिनेमातली आहे! अडीच तासांत नऊ दिवस कोण दाखवणार, आणि बघणार तरी कोण? पण तुमच्या घरात कोणी काही शिकत असेल, तोच तोच चुकलेला तुकडा दिवसभर तुमच्या कानावर आदळत असेल, तर कटकट म्हणू नका, दार लावून घेऊ नका. आणि शिकणारे तुम्हीच असाल तर चुकलेलं लपवू नका. तुमच्या मागे कोणीतरी तुमच्याकडे बघून शिकत असतं, त्याला ते ऐकायला मिळू द्या. आम्हां पेट्यांची निगा म्हणाल तर धूळ पुसा, उंदरांपासून जपा आणि आमच्या पोटात वारा खेळता ठेवा. बाकी आम्हाला काही लागत नाही.

आता संस्कृती दार सताड उघडं ठेवूनच बसते. परवापासून तिने नवं गाणं धरलं आहे आणि एकाच ओळीवर अडली आहे. काल संध्याकाळी शेजारच्या सारजाबाई दळण घेऊन जाता जाता आमच्या उंबऱ्याशी थांबल्या आणि बाहेरूनच विचारलं, "काय गं, येईना व्हय अजून?"

"न्हाय अजून!" संस्कृती आतून ओरडली, आणि तिने पुन्हा भाता ओढला.